पाहुण्यांआधी बाळाचा हक्क

घरात बाळ येणार म्हटले की आपण सारे तयारीला लागतो. झबली-टोपडी, पाळणा, डिंकाचे लाडू आणि पाठोपाठ हॉलची चौकशी! किती माणसे बोलवायची, बिर्याणी कोणाकडून करून घ्यायची, आहेर काय द्यायचा याचीच चर्चा जास्त. या गडबडीत ज्याच्या नावाने हे सारे चालले आहे, त्या बाळाचा हक्क मात्र मागे पडतो.

पहिला हक्क आनंदाने स्वीकारले जाण्याचा. मुलगी झाल्याची बातमी ऐकून ज्याचा चेहरा काळवंडतो, त्याचा कुरआनने सूरह अन्-नहलमध्ये (आयत 58-59) निषेध केला आहे. आज आपण तसे बोलून दाखवत नाही. पण मुलाच्या वेळी पेढ्यांचे बॉक्स आणि मुलीच्या वेळी नुसताच फोन, हे काळवंडणेच नव्हे का?

दुसरा हक्क पहिल्या घासाचा. हजरत अस्मा (रजि.) हिजरत करून कुबा येथे आल्या, तेथे अब्दुल्लाह बिन जुबैर (रजि.) यांचा जन्म झाला. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी खजूर चावून मऊ केला व बाळाच्या टाळूला लावला. हीच तहनीक. आपल्याकडे काही घरांत त्याऐवजी मध चाटवतात. एक वर्षापर्यंत बाळाला मध देऊ नये, त्यातून गंभीर आजार होऊ शकतो, असे डॉक्टर सांगतात. आईचा पहिला पिवळसर चीकही फेकायचा नसतो. तो बाळाला आजारांपासून जपतो.

तिसरा हक्क चांगल्या नावाचा. अर्थ पाहून नाव ठेवा, आणि ते कागदावरही नीट उतरवा. जन्माची नोंद 21 दिवसांत करायची असते. नाव ठरले नसेल तरी नोंद थांबवू नका. ते वर्षभरात विनाशुल्क घालता येते. 1 ऑक्टोबर 2023 पासून जन्मलेल्या मुलांसाठी शाळाप्रवेश, पासपोर्ट, मतदार यादी अशा कामांत जन्मदाखला हाच जन्मतारखेचा पुरावा आहे. ‘शेख’ आणि ‘मोहम्मद’ इंग्रजीत किती तऱ्हांनी लिहिले जातात, हे आपल्याला ठाऊक आहेच. आईवडिलांच्या आधारवर जे स्पेलिंग आहे तेच दवाखान्याच्या फॉर्मवर लिहिले आहे ना, हे सही करण्यापूर्वी पाहा. त्या एका अक्षरासाठी पुढे मुलाला कचेऱ्यांचे खेटे घालावे लागतात.

आता अकीका. सातव्या दिवशी जावळ काढावे, जावळाच्या वजनाइतकी चांदी गरिबाला द्यावी, आणि ऐपत असेल तर मुलासाठी दोन व मुलीसाठी एक बकरा जिबह करावा. सातवा दिवस टळला तर चौदावा, एकविसावा. हजरत हसन व हुसैन (रजि.) यांच्यासाठी प्रेषितांनी (स.) प्रत्येकी एक मेंढा दिल्याचेही हदीसमध्ये येते. घर हनफी असो वा कोकणातले शाफई, अकीका फर्ज नाही. ज्याला जमत नाही त्याच्यावर गुन्हा नाही. मग हॉलसाठी पैसे जमेपर्यंत वर्ष-दोन वर्षे थांबायचे, किंवा व्याजाने कर्ज काढायचे, हे कुठून आले? गोश्त शिजवून शेजारी, नातलग आणि गरजूंना वाटले की झाले.

आणखी एक गोष्ट. अकीक्याची जबाबदारी वडिलांवर आहे. पहिले बाळंतपण माहेरी, म्हणून दवाखान्याचे बिल नानांनी भरायचे, पाळणा आणि सोन्याची चेन नानीने आणायची, सासरच्यांचे कपडेही त्यांनीच करायचे, ही शरीयत नव्हे. बाळंतिणीच्या उशाशी बसून माहेरच्या आहेराचा हिशोब झाला, तर ती आई बाळाला काय सुखाने पाजेल? तिने थकव्यावर थकवा सोसून त्याला पोटात वाढवले, हे कुरआन (31:14) आठवण करून देते. चाळीस दिवस तिला झोप, गरम जेवण आणि गोड शब्द मिळावेत. पाहुण्यांची वर्दळ थोडी कमी झाली तर कोणाचे काही बिघडणार नाही.

ज्या घरी लवकरच बाळ येणार आहे त्या घरातल्या सासू-सासऱ्यांना आमची विनंती आहे: व्याह्यांना आजच सांगून टाका, “काही आणू नका, फक्त दुआ घेऊन या.” त्या मायबापांची झोप तेवढ्याने परत येईल. अल्लाह आपल्या सर्व लेकरांना नेक आणि निरोगी ठेवो. आमीन.