कर नाही, तरी डर असते

मनगटावरचे घड्याळ आता वेळ सांगून थांबत नाही. झोप किती झाली, पावले किती पडली, याच्या जोडीला ते ‘ताण’ही आकड्यात सांगते. सकाळी ठणठणीत वाटणारा माणूस पडद्यावर ताण जास्त असल्याचे पाहतो आणि त्या आकड्यानेच अस्वस्थ होतो. दुसरीकडे, एखाद्या गाजलेल्या गुन्ह्यात ‘आरोपीची पॉलिग्राफ चाचणी होणार’ अशी बातमी येते आणि आता खऱ्याखोट्याचा निवाडा यंत्रच करील, असे लोकांना वाटू लागते. वरवर पाहता या दोन यंत्रांचा एकमेकांशी संबंध नाही. पण दोन्ही एकाच शास्त्राच्या आधारावर उभी आहेत आणि दोन्हींबाबत चूकही एकच होते. शरीराचे मोजमाप हेच मनाचे मोजमाप समजले जाते.

मन आणि शरीरक्रिया यांचा संबंध तपासणाऱ्या या शास्त्राला सव्वाशे वर्षांहून अधिक इतिहास आहे. फ्रेंच वैद्यक चार्ल्स फेरे यांनी १८८८ मध्ये दाखवून दिले, की भावना उद्दीपित झाल्या की त्वचेतून वीज वाहणे सोपे होते. यामागचे कारण घाम. तळहात आणि तळपायांवर घर्मग्रंथींची दाटी असते आणि त्यांना चालना देणारे चेतातंतू अनुकंपी चेतासंस्थेचे, म्हणजे संकटात शरीराला सज्ज करणाऱ्या यंत्रणेचे असतात. बोटांना दोन इलेक्ट्रोड लावून अर्ध्या व्होल्टइतका सौम्य दाब दिला, की किती वीज वाहते ते मोजता येते. दचकवणारा आवाज झाला, तर साधारण एक ते तीन सेकंदांत हा आलेख वर चढू लागतो. घाम डोळ्यांना दिसण्याइतका फुटलेलाही नसतो, पण यंत्र तो टिपते.

हृदयाचे गणित थोडे अवघड आहे. त्याला अनुकंपी चेतातंतूंचा ‘ॲक्सिलरेटर’ आहे, तसा परानुकंपी चेतातंतूंचा ‘ब्रेक’ही आहे. ठोके वाढले ते ॲक्सिलरेटर दाबल्याने की ब्रेक सोडल्याने, हे नुसत्या ठोक्यांवरून कळत नाही. म्हणून संशोधक दोन ठोक्यांमधल्या अंतरात होणारे बारीक बदल मोजतात. श्वास घेताना ठोके किंचित जलद होतात, सोडताना संथ. निरोगी हृदय घड्याळाच्या लोलकासारखे एकसुरी चालत नाही. हे बदल कसे मोजावेत याचे निकष युरोप आणि अमेरिकेतल्या हृदयरोगतज्ज्ञांच्या संस्थांनी १९९६ मध्ये ठरवून दिले.

इथपर्यंत सारे भक्कम आहे. प्रश्न पुढच्या पायरीवर येतो. तळहाताला घाम फुटला म्हणजे शरीर उत्तेजित झाले, एवढे नक्की. ते भीतीने, आनंदाने, रागाने, लाजेने की शेवटच्या षटकातल्या षटकाराने, हे आलेख सांगत नाही. प्रत्येक भावनेचा शरीरात वेगळा ठसा उमटतो का, याचा शोध अनेक दशके सुरू आहे. २०१८ मध्ये अशा सुमारे दोनशे अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला गेला, तेव्हा कोणत्याही भावनेचा ठाम, सर्वांत सारखा ठसा सापडला नाही.

मोजमाप आणि अर्थ यांतले अंतर किती फसवे असते, याचे एक उत्तम उदाहरण भारतातलेच आहे. १९३५ मध्ये तेरेझ ब्रॉस या फ्रेंच हृदयरोगतज्ज्ञ ईसीजी यंत्र घेऊन भारतात आल्या. एका योग्याच्या हृदयाचा आलेख जवळजवळ सपाट झाल्याची नोंद त्यांनी केली आणि योगी हृदय थांबवू शकतात, या समजाला शास्त्राचा आधार मिळाल्यासारखे झाले. पुढे १९५७ मध्ये एम. ए. वेंगर आणि बी. के. बागची हे अमेरिकेतील विद्यापीठांतले संशोधक भारतात आले. दिल्लीच्या ‘एम्स’मधील बी. के. आनंद यांच्यासह त्यांनी हाच दावा तपासला. नाडी, ठोक्यांचा आवाज, ईसीजी आणि बोटातला रक्तप्रवाह त्यांनी एकाच वेळी नोंदवला. योगी श्वास कोंडून छाती आणि पोटाचे स्नायू आवळत, तेव्हा हृदयाकडे परतणारे रक्त घटे, मनगटाची नाडी हाताला लागेनाशी होई आणि छातीवर ठोके ऐकू येईनासे होत. ईसीजीवर मात्र हृदय चालूच होते. ठोके संथ करण्याचा दावा करणाऱ्या एकाने ते खरोखर संथ करून दाखवले, पण थांबवले कोणीच नाहीत.

यात योग्यांनी फसवले, असे म्हणण्याचे कारण नाही. नाडी खरोखरच लागत नव्हती. चूक होती ती ‘नाडी लागत नाही’ याचा अर्थ ‘हृदय थांबले’ असा लावण्यात. एकाच मापावर विसंबले की असे होते. आजची बहुतेक घड्याळे मनगटावर प्रकाश टाकून रक्ताची स्पंदनेच मोजतात आणि त्यावरून थेट ‘ताण’ या निष्कर्षावर उडी मारतात. ती उडी १९३५ च्या निष्कर्षापेक्षा लहान नाही. चहा-कॉफी, जागरण, ताप, मद्य, जिना चढणे, रक्तदाबाच्या काही गोळ्या या सगळ्यांनी ठोके बदलतात. घड्याळाला यातले बरेच काही ठाऊक नसते.

याचा अर्थ ही मापने निरुपयोगी आहेत, असा नाही. प्रश्न नेमका असेल आणि तुलना नीट आखलेली असेल, तर त्यांच्याइतके मोलाचे साधन क्वचितच सापडेल. मेंदूच्या इजेमुळे ओळखीचे चेहरेही न ओळखणाऱ्या रुग्णांवर डॅनियल ट्रानेल आणि अंतोनिओ दमासिओ यांनी केलेला अभ्यास १९८५ मध्ये प्रसिद्ध झाला. परिचित चेहरा दाखवला तरी रुग्ण ‘ओळखत नाही’ म्हणत, पण त्वचेची विद्युतवाहकता अनोळखी चेहऱ्यांपेक्षा त्या चेहऱ्यांना जास्त प्रतिसाद देई. जाणिवेच्या खाली मेंदूला ओळख पटत होती. या प्रयोगाचे बळ तुलनेत होते. तोच माणूस, तीच खोली, बदलला फक्त चेहरा.

पॉलिग्राफकडे ही सोय नाही. श्वास, रक्तदाब, ठोके आणि त्वचेची विद्युतवाहकता एकत्र नोंदवणारे हे यंत्र आपल्या ‘कर नाही त्याला डर कशाला’ या म्हणीवर चालते. म्हण शहाणपणाची असेल, पण शरीराला ती ठाऊक नाही. पोलिसांसमोर खुर्चीत बसवलेल्या, अंगाला तारा लावलेल्या निरपराध माणसाच्या मनात ‘आपल्यावर विश्वास बसला नाही तर?’ ही भीती असतेच आणि तिचा घामही तसाच खारट असतो. उलट, सोव्हिएत संघासाठी हेरगिरी करणारा ‘सीआयए’चा अधिकारी ऑल्ड्रिच एम्स १९८६ आणि १९९१ अशा दोन पॉलिग्राफ चाचण्यांतून सहीसलामत सुटला. तो पकडला गेला १९९४ मध्ये.

अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने २००३ च्या अहवालात एक साधे गणित मांडले. १०,००० कर्मचाऱ्यांत १० हेर आहेत असे समजू. चाचणीची अचूकता बऱ्यापैकी चांगली धरली आणि १० पैकी ८ हेर पकडायचे ठरवले, तर त्यांच्यासोबत सुमारे १,६०० निर्दोष माणसेही संशयित ठरतात.

भारतात सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य या खटल्यात स्पष्ट केले, की संमतीविना पॉलिग्राफ, नार्को किंवा ब्रेन मॅपिंग चाचणी घेता येणार नाही आणि संमतीने घेतली तरी तिचा निकाल थेट पुरावा ठरणार नाही. निकाल योग्यच आहे. पण संमतीचा प्रश्न तिथे संपत नाही. चाचणीला नकार देणाऱ्याकडे ‘काहीतरी लपवतोय’ असे पाहिले जाते आणि नकाराचीच बातमी होते. अशा दबावाखाली दिलेल्या होकाराला संमती म्हणणे कठीण आहे.

आणखी एक गोष्ट दुर्लक्षित राहते, ती म्हणजे मोजले जाणारे शरीर कोणाचे आहे. रक्तातील ऑक्सिजन मोजणारे ऑक्सिमीटर त्वचेवर प्रकाश टाकूनच चालतात. ते कृष्णवर्णीय रुग्णांमधली ऑक्सिजनची धोकादायक कमतरता गोऱ्या रुग्णांच्या तुलनेत जवळपास तिप्पट वेळा चुकवतात, असे २०२० मध्ये अमेरिकेत आढळले. त्वचेची विद्युतवाहकता मोजणाऱ्या तिथल्याच अभ्यासांत कृष्णवर्णीयांचे प्रतिसाद सरासरीने कमी नोंदले गेले आणि ‘प्रतिसाद न देणारे’ म्हणून त्यांनाच अधिक प्रमाणात वगळले गेले. आपल्याकडे सावळ्या त्वचेचा, कष्टाने घट्टे पडलेल्या तळहातांचा आणि मे महिन्यातल्या दमट मुंबईचा विचार त्यामुळेच आधी व्हायला हवा. दीर्घकाळच्या मधुमेहात घाम आणि हृदय या दोहोंना चालवणारे चेतातंतू दुबळे होऊ शकतात. अशा माणसाचा सपाट आलेख मनाच्या शांतीची खूण नसून आजाराची असू शकतो.

म्हणून काही गोष्टींचा आग्रह धरायला हवा. घड्याळ विकणाऱ्यांनी ‘ताण’ हा शब्द वापरण्याआधी आपण नेमके काय मोजतो आणि ते कोणाकोणावर तपासले, हे खरेदीदाराला समजेल अशा भाषेत सांगावे. संशोधकांनी खोलीचे तापमान, सहभागींची औषधे आणि वगळलेल्या माणसांची संख्या प्रत्येक निबंधात द्यावी. विमा कंपन्यांनी आणि नोकरी देणाऱ्यांनी अशा आकड्यांवर कोणाची पारख करू नये. आणि पॉलिग्राफची बातमी देताना माध्यमांनी त्याच बातमीत त्याच्या निकालाला पुराव्याचा दर्जा नाही, हे एक वाक्य जरूर घालावे. ज्याचे नाव त्या बातमीत येते, त्याची अब्रू त्या एका वाक्यावर अवलंबून असते.