पाल्याचे माप आणि पाल्याचे वजन

धान्य मापाने घेण्याची रीत महाराष्ट्रात जुनी आहे. चिपटे, मापटे, अधोली, पायली यांवर पिढ्यान्‌पिढ्या व्यवहार चालला. १९५८ च्या ऑक्टोबरपासून मेट्रिक वजने टप्प्याटप्प्याने प्रचारात आली, तरी घरोघरी तांदूळ अजूनही वाटीनेच घेतला जातो आणि त्यात फारसे बिघडत नाही. दाणे एकमेकांना लागून बसतात. त्यामुळे एका वाटीचे वजन आज व उद्या जवळजवळ सारखेच भरते. पाल्याची गोष्ट मात्र निराळी आहे.

मेथीची पाने वाटीत सैल भरली, दाबून भरली किंवा बारीक चिरून भरली, तर वाटी तीच असूनही वजन प्रत्येक वेळी वेगळे येते. घोळाण्यासाठी चिरलेल्या मेथीला मीठ लावले की ती पाणी सोडून खाली बसते. शिजवल्यावर तर टोपलीभर भाजीची वाटीभर होते. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या अन्नघटक तक्त्यांत कच्च्या पालकाचा एक पेला ३० ग्रॅम, तर उकडून निथळलेल्या पालकाचा तेवढाच पेला १८० ग्रॅम धरला आहे. माप एकच, वजन सहापट!

अनुभवी गृहिणीस हे ठाऊक असते. म्हणूनच पालेभाजीत मीठ ती भाजी बसल्यावर घालते. तिच्या स्वयंपाकापुरता हा अंदाज पुरेसा आहे. परंतु गावोगावी आहाराचा सल्ला देणाऱ्या कार्यकर्त्याने अंदाजावर विसंबणे योग्य नव्हे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०११ च्या मार्गदर्शिकेत प्रत्येक व्यक्तीस रोज ५० ग्रॅम व गरोदर स्त्रीस १०० ग्रॅम पालेभाजी सुचविली आहे. कारण गरोदरपणी लोह व फॉलिक आम्लाची गरज वाढते. अशा स्त्रीस ‘रोज वाटीभर पाला खावा’ एवढेच सांगितले आणि तिने सैल चिरलेल्या मेथीची एक वाटी घेतली, तर तिच्या पोटात पुरेसा पाला जाणार नाही. आणि सल्ला पाळल्याचे समाधान मात्र दोघांनाही राहील. जुडी सांगूनही हा प्रश्न सुटत नाही. जुडी लहानमोठी असते. मुळे, जाड देठ व पिवळी पाने काढल्यावर ती आणखी घटते.

तेव्हा सल्ला वजनात द्यावा आणि तो वाटीत उतरविण्याचे काम गावातच करावे. हे काम अवघड नाही. भाजी निवडून, धुऊन पूर्ण निथळावी; पानांवर राहिलेले पाणीही वजनात धरले जाते. वाण्याच्या काट्यावर नेमका १०० ग्रॅम पाला घ्यावा. तो चिरून, न दाबता, गावात सर्रास वापरल्या जाणाऱ्या वाटीने मोजावा. मग तोच पाला शिजवून पुन्हा मोजावा. मेथी, पालक, चाकवत, करडई यांची पाने सारखी नसतात. म्हणून प्रत्येक भाजीसाठी हा प्रयोग स्वतंत्र करावा व आलेले आकडे ‘कच्ची’ आणि ‘शिजलेली’ अशा दोन रकान्यांत अंगणवाडीच्या भिंतीवर लिहून ठेवावेत.

एका सकाळच्या या श्रमाने पुढील सल्ल्यास निश्चित आधार मिळेल. दाण्याला माप चालते. पाल्याला आधी वजन हवे, मग वाटी.