लढाईचा देव कुणाच्या बाजूचा?

बालमित्रांनो, अशी कल्पना करा, की दोन सैन्यं समोरासमोर उभी आहेत. लढाई सुरू व्हायच्या आधी दोन्हीकडचे सैनिक देवाची प्रार्थना करताहेत. गंमत म्हणजे दोघांचा देव एकच! आता सांगा, त्या बिचाऱ्या देवानं करावं तरी काय?

या देवाचं नाव टेम्पस. तो कुठल्या धर्मातला किंवा पुराणातला नाही बरं का, तो आहे एका खेळातला. 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' हा तो खेळ. अमेरिकेतल्या गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी तो तयार केला आणि १९७४ साली तो बाजारात आला. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. एकजण गोष्ट सांगतो आणि बाकीचे तिच्यातलं एकेक पात्र होतात. कुणी योद्धा, कुणी जादूगार, तर कुणी पुजारी. 'मी दार तोडतो,' असं योद्धा म्हणाला, की वीस बाजूंचा फासा टाकायचा. मोठा आकडा पडला तर दार तुटतं, लहान पडला तर नाही. पुढे काय करायचं, हे मात्र ज्याचं त्यानं ठरवायचं.

या खेळासाठी पुढे अनेक काल्पनिक जगं तयार झाली. त्यातलं एक 'फरगॉटन रेल्म्स', म्हणजे विसरलेली राज्यं. कॅनडाच्या एड ग्रीनवुड यांनी लहानपणी गोष्टी लिहिता लिहिताच ते रचायला घेतलं होतं. खेळासाठी ते छापून आलं १९८७ साली. टेम्पस हा त्या जगातला युद्धाचा देव.

दिसायला तो अगदी भयंकर! धिप्पाड शरीर, पोचे पडलेलं चिलखत, अंगावर वाहत्या जखमा आणि शिरस्त्राणात झाकलेला चेहरा. तो स्वतः बोलत नाही. लढाईत पडलेल्या वीरांचे आत्मे त्याचा निरोप सांगतात. त्याच्याकडे दोन घोडे आहेत. पांढरी घोडी वेरॉस आणि काळा घोडा डेरॉस. तो पांढऱ्या घोडीवर दिसला तर आपला जय, काळ्यावर दिसला तर पराजय. पण बहुतेक वेळा तो कसा दिसतो, माहीत आहे? एक पाय एका घोड्यावर, दुसरा दुसऱ्यावर, आणि दोन्ही घोडे भरधाव! आता घ्या, जिंकणार कोण?

म्हणजे टेम्पस कुणालाच जिंकून देण्याचं वचन देत नाही. तो बघतो तुम्ही कसे लढलात ते. त्याचे नियम ऐका. शत्रूला कमी लेखू नका, शौर्य कुणातही असू शकतं. शत्रू घरी नसताना त्याचं घर जाळू नका, त्याच्या बायकामुलांना आणि गुराढोरांना हात लावू नका. लढाई उगाच लांबवू नका. आणि युद्धाचे परिणाम काय होतील, याचा विचार केल्याशिवाय ते सुरूच करू नका. युद्धाचाच देव हे सांगतो, आहे की नाही नवल?

मला यातली एक गोष्ट फार आवडते. 'देव माझ्या बाजूला आहे, मग मी काहीही केलं तरी चालेल,' असं टेम्पसच्या भक्ताला म्हणताच येत नाही. कारण समोरचाही त्याचाच भक्त! फासा कसा पडेल, ते आपल्या हातात नसतं. पण पडलेल्या शत्रूला मारायचं की सोडायचं, हे आपल्याच हातात असतं. मैदानावरच्या कबड्डीतही तसंच आहे, नाही का?

पालकांनो, मुलं अशा खेळात रमली, तर 'कसली ही मारामारी!' म्हणून लगेच रागावू नका. जवळ बसा आणि विचारा, "काय रे, तुझ्या योद्ध्यानं असं का केलं?" उत्तर ऐकण्यासारखं असतं.

आणि दोस्तांनो, आता तुमचा गृहपाठ. तुमच्या मनातल्या जगासाठी एक युद्धदेव तयार करा. त्याचं चित्र काढा, त्याला वाहन द्या आणि त्याचे तीनच नियम लिहा. मात्र एक अट आहे. ते नियम शत्रूलासुद्धा न्यायाचे वाटले पाहिजेत! बघा बरं, जमतंय का? चला, भेटू पुढच्या आठवड्यात.