मेसाईदचा युरिया आणि गावाकडची माती

दोह्याजवळच्या मेसाईदमध्ये नैसर्गिक वायूपासून युरिया बनतो आणि भारतातही जातो, हे तुम्हाला ठाऊक असेलच. पण युरियात असते फक्त ४६ टक्के नत्र. पीक मात्र जमिनीतून स्फुरद, पालाश, गंधक, जस्तही उचलते. यांतले जे सर्वांत कमी पडते, तिथेच उत्पादन अडते. मग जास्तीचे नत्र काही अमोनिया होऊन उडते, काही पाण्याबरोबर झिरपून जाते.

म्हणून माझे म्हणणे एवढेच: गावी खतासाठी पैसे पाठवण्याआधी माती परीक्षणाचा अहवाल मागवा. त्यात जस्त आणि सेंद्रिय कर्ब किती आहे, ते पाहा. उसाचे पाचट जाळू नका, शेतातच कुजू द्या, असेही घरच्यांना सांगा. जाळले की त्यातला कर्ब आणि नत्र धुरात जातात.