शब्दकुल : वत्स आणि व्हेटरन
आमच्या वाशीमचे प्राचीन नाव वत्सगुल्म. वाकाटकांच्या एका शाखेची ही राजधानी. त्यातील वत्स हे कोणी ऋषीचे नाव सांगतात. शब्दार्थ मात्र वासरू. वत्सर म्हणजे वर्ष, म्हणून मूळचे ते वर्षाचे वासरू असावे. लॅटिनमध्ये याच कुळातील 'व्हेटुस' म्हणजे जुना, अर्थात् पुष्कळ वर्षांचा, आणि 'व्हिटुलस' म्हणजे वासरू. त्या वासरापासून इंग्रजीत 'व्हेलम' आला : लेखनासाठी कमावलेले वासराचे कातडे! (सोवळ्यातील वाचकांनी क्षमा करावी.) 'व्हेटुस'पासून 'व्हेटरन' व 'इन्व्हेटरेट', म्हणजे हाडीमाशी खिळलेला. असले इंग्रजी शब्द संस्कृतातूनच निघाले असे मुलांना सांगण्याची आपली खोड 'इन्व्हेटरेट'च होय. लॅटिन ही संस्कृतची कन्या नव्हे, भगिनी आहे. घोकंपट्टीपूर्वी मुलांना एवढे नाते अवश्य सांगावे.