वाढदिवसाला गाणार कोण?

(बी. ए. द्वितीय वर्ष)

वाढदिवसाला कोणते गाणे लावावे, हा काय लेखाचा विषय झाला? असे माझ्या वर्गमैत्रिणींनी मला विचारले. बेकारी, नापिकी, हुंडा, पेपरफुटी असे ज्वलंत प्रश्न सोडून ही केक-मेणबत्तीच्या मागे कुठे लागली, असेही कोणी म्हणाले. त्यांचे म्हणणे खोटे नाही. परंतु माणूस दुःखात कसा रडतो यावरून जसा समाज कळतो, तसाच तो आनंदात कसा गातो यावरूनही कळतो. आणि आपल्या आनंदाचे गाणे दिवसेंदिवस आपल्या तोंडून निघून चालले आहे, असे मला वाटते. म्हणून हा प्रपंच.

आपल्या धाडमध्ये आज वाढदिवस कसा होतो ते सर्वांना ठाऊक आहे. भाऊंचा असेल तर चौकात फ्लेक्स लागतो, घरातल्या पोराचा असेल तर भिंतीला फुगे लागतात. केक कापताना मंडळी टाळ्या वाजवीत इंग्रजीतली एक ओळ चार वेळा म्हणतात. निम्म्या लोकांचे ओठ नुसतेच हलतात. आजी, मावशी, शेजारच्या काकू कौतुकाने पाहत उभ्या राहतात, कारण त्या गाण्यात त्यांना जागाच नसते. अर्ध्या मिनिटात गाणे संपते आणि मग स्पीकर सुरू होतो. तो सुरू झाला की शेजारी उभ्या असलेल्या माणसाशीही बोलता येत नाही.

यावर आमच्या पिढीचा उपाय ठरलेला आहे: गाणी अधिक जोरकस आणा, अधिक जिवंत आणा. जिवंत संगीत हवे, ही मागणी मलाही शंभर टक्के मान्य आहे. वय एकोणीस आहे, नाचावेसे मलाही वाटते. प्रश्न इतकाच की जिवंत म्हणजे काय? आवाज मोठा म्हणजे जिवंत, की ज्यात आपला जीव ओतलेला आहे ते जिवंत?

प्रथम त्या इंग्रजी गाण्याचाच विचार करू. ते परके म्हणून त्याला नाके मुरडणारे पुष्कळ भेटतात. मी त्यांच्यापैकी नाही. ‘हॅपी बर्थडे टू यू’ची चाल अमेरिकेतील केंटकी राज्यातल्या मिल्ड्रेड हिल आणि पॅटी हिल या दोन बहिणींच्या नावावर आहे. पॅटीबाई बालवाडीच्या शिक्षिका होत्या. लहान मुलांनी शाळेत आल्यावर एकमेकांना नमस्कार करावा म्हणून त्यांनी एक सोपे गाणे तयार केले, ते १८९३ मध्ये पुस्तकात छापले गेले. वाढदिवसाचे शब्द त्या चालीवर पुढे बसले. एका कंपनीने त्या गाण्यावर हक्क सांगून वर्षानुवर्षे पैसे घेतले. २०१५ मध्ये अमेरिकेतील न्यायालयाने तो दावा फेटाळला आणि २०१६ च्या तडजोडीनंतर ते गाणे सर्वांना मोकळे झाले. म्हणजे ज्या गाण्याने जग जिंकले ते मुळात दोन बायकांनी बालवाडीसाठी बांधलेले गाणे! ते पसरले ते इंग्रजी होते म्हणून नव्हे. तीन वर्षांच्या पोरालाही म्हणता यावे इतके ते सोपे होते, आणि ते ऐकायचे नसून सर्वांनी मिळून म्हणायचे होते, म्हणून ते पसरले. ही गोष्ट आपण लक्षात ठेवली पाहिजे.

हिंदी चित्रपटांनीही आपली भर घातली. १९६७ च्या ‘फर्ज’मधील मोहम्मद रफींनी गाइलेले, लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांचे वाढदिवसाचे गाणे अजून घरोघर वाजते. आमच्या बाबांना ते पाठ आहे. त्याचेही रहस्य तेच: ध्रुपद आले की सगळे गातात.

मग आपल्या मातीत असे काही नव्हते काय? होते, आणि आजही आहे. बारशाला म्हटला जाणारा पाळणा आठवून पाहा. पहिल्या दिवसापासून बाराव्या दिवसापर्यंत एकेक कडवे. कडवे म्हणणारी एक, आणि ध्रुपद उचलणाऱ्या घरभरच्या बायका. रामनवमीला भर दुपारी आणि गोकुळाष्टमीला मध्यरात्री देवळात पाळण्याची दोरी हातोहात फिरते तेव्हाही हाच प्रकार. पोवाड्यात शाहिराच्या मागे झीलकरी असतात. भजनात बुवांच्या मागे टाळकरी असतात. पिंपळगाव सराईचा सैलानी बाबांचा दर्गा आपल्याच तालुक्यात. कव्वाली म्हटली की तिथेही मुख्य गायकामागे टाळ्यांचा ताफा असतोच. धर्म वेगळे, वाद्ये वेगळी, पण रचना एकच: गाणारा एक आणि झील धरणारे सगळे. माझ्या मते जिवंत संगीताची हीच खरी खूण आहे. त्यात श्रोता नावाचा प्राणीच शिल्लक राहत नाही.

थोर माणसांचे जन्मदिवसही आपल्याकडे असेच गाऊन साजरे झाले. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचा जन्मदिवस, ३० एप्रिल, विदर्भात ‘ग्रामजयंती’ म्हणून पाळला जातो. एका माणसाच्या वाढदिवसाचा अख्ख्या गावाचा वाढदिवस करून टाकणे, ही कल्पनाच किती मोठी! आणि त्याचे वाद्य कोणते? हातात मावणारी खंजिरी. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची पहिली सार्वजनिक जयंती १९२८ मध्ये पुण्यात जनार्दन सदाशिव रणपिसे यांच्या पुढाकाराने झाली. त्या जयंतीने महाराष्ट्राला गाण्यांचे केवढे भांडार दिले! सिन्नर तालुक्यातील देशवंडीचे वामनदादा कर्डक (१९२२–२००४) मोठेपणी अक्षरओळख शिकले आणि गावोगाव फिरून भीमगीते गायले. ढोलकी, पेटी आणि मागे कोरस एवढ्यावर रात्रभर माणसे बसत. ज्यांच्या घरात जन्माची नोंदसुद्धा कोणी ठेवली नव्हती, त्यांनी जन्मोत्सवाचे गाणे स्वतः रचले. माझ्यासारख्या, घरातून पहिल्यांदाच कॉलेजात आलेल्या मुलीला ही गोष्ट फार मोलाची वाटते.

जन्माच्या नोंदीवरून सांगते. माझ्या बाबांची शाळेतील जन्मतारीख १ जून आहे. आपल्यापैकी कितीतरी जणांच्या वडिलांची हीच असेल! जूनमध्ये शाळेत नाव घालायचे, तारीख माहीत नाही, तेव्हा गुरुजींनी १ जून लिहून टाकायचे, अशी ती रीत होती. आईच्या आधार कार्डावर १ जानेवारी आहे. आजीला विचारले तर ती म्हणते, “आमच्या येळेला कोन करत व्हतं वाढदिवस? जगलं-वाचलं हेच लई झालं.” पण बाबा पोळ्याच्या आदल्या दिवशी झाले, एवढे मात्र तिला पक्के आठवते. म्हणून गेल्या वर्षी आम्ही भावंडांनी पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बाबांचा वाढदिवस केला. बैलांची खांदेमळणी झाली होती. केक नव्हता, स्पीकर नव्हता. आजीने पाळणा म्हटला. नाव जिथे येते तिथे तिने आपल्या लेकाचे नाव घातले, आणि आम्ही ताटावर ठेका धरून झील ओढली. चौथ्या कडव्यापासून चाल इतकी जलद झाली की धाकट्या भावाने नाचायला सुरुवात केली. पाळणा संथ असतो, त्यावर नाचता येत नाही, असे म्हणणाऱ्यांना माझे एवढेच उत्तर आहे.

येथे मुलींच्या बाजूनेही एक शब्द बोलला पाहिजे. आपल्या जिल्ह्यातील सर्वांत मोठा वाढदिवस कोणाचा? सिंदखेडराजाला १२ जानेवारीला होणारा राजमाता जिजाऊंचा. १५९८ साली लखुजीराव जाधवांच्या वाड्यात ही लेक जन्मली, तेव्हा हत्तीवरून साखर वाटली असे सांगतात. चारशे वर्षांनंतरही लाखो लोक तेथे जमतात. आणि याच महाराष्ट्रात २०११ च्या जनगणनेत सहा वर्षांखालील दर हजार मुलग्यांमागे ८९४ मुली निघाल्या. बुलडाणा जिल्हा तर त्याच्याही खाली होता. जिजाऊंचा जन्मोत्सव करणाऱ्या जिल्ह्यातील किती घरांत लेकीच्या जन्माचा पाळणा मोठ्या आवाजात म्हटला जातो? डीजे सुद्धा, पाहा ना, बहुधा मुलाच्या वाढदिवसालाच येतो. गाणे कोणासाठी गायचे, हा प्रश्न गाणे कोणते गायचे याहून लहान नाही.

आता डीजेविषयी. डीजेवाला हा आपलाच गावचा पोरगा असतो. कर्ज काढून त्याने संच घेतलेला असतो, त्याला शिव्या घालून मी मोकळी होणार नाही. पण काही गोष्टी विज्ञानाच्या आहेत. ध्वनी दर दहा डेसिबलला दसपट तीव्र होतो. ८५ डेसिबलचा आवाज माणसाने दिवसातून आठ तासांहून अधिक ऐकू नये असे मानतात. १०० डेसिबलला हीच मर्यादा पंधरा मिनिटांवर येते. भिंतीएवढ्या स्पीकरसमोर आपण तीन तास नाचतो! शिवाय खालच्या पट्टीचा तो धडधडाट भिंतीतून आरपार जातो. एकाच खोलीत सारे घर आणि तिथेच परीक्षेचा अभ्यास, अशी माझ्यासारखी मुले-मुली या महाविद्यालयात थोडी नाहीत. बाहेर कोणाचा तरी आनंद चालू असतो आणि आत कोणाचे तरी वर्ष वाया जात असते. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे, आणि रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपकाला बंदी आहे. सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये ती उचलून धरली. सरकार वर्षातून पंधरा दिवसांपर्यंत मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकते, पण ती सण-उत्सवांसाठी; आपल्या भाऊंच्या वाढदिवसासाठी नव्हे.

तरीही माझा मुख्य आक्षेप कानांचा नाही. डीजेपुढे आपण आपल्याच आनंदात पाहुणे होतो. कोणते गाणे, किती वेळ, किती मोठ्याने, हे सारे यंत्र ठरविते. आपल्याला फक्त हात वर करायचे असतात. ज्याचा वाढदिवस आहे त्याचे नावसुद्धा त्या गाण्यात नसते.

कोणी म्हणेल, मग हलगी आणा, डफडे आणा, जुने ते सोने! इथे मला जरा थांबावेसे वाटते. हलगीचा कडकडाट ऐकून अंगात वीज संचारते हे खरे. पण ती वाजविण्याचे काम गावाने विशिष्ट जातींच्या माथी मारले होते. वाजवा, आणि उंबऱ्याबाहेर उभे राहून भाकर घ्या, असा तो व्यवहार होता. अनेकांनी स्वाभिमानाने ते वाद्य खाली ठेवले, आणि योग्यच केले. म्हणून हलगी हवी असेल तर ती आपण आपल्या हाताने वाजवायला शिकावी. आणि ज्या कलावंताला बोलवाल त्याला ठरवून पुरते मानधन द्यावे व पहिल्या पंगतीत बसवावे. हे जमत नसेल तर परंपरेचे गोडवे गाऊ नयेत.

माझ्या सूचना साध्या आहेत. प्रत्येक घराने आपले असे एक वाढदिवसाचे गाणे ठरवावे. पाळणा, भजन, कव्वाली, चित्रपटगीत, काहीही चालेल, पण त्याचे ध्रुपद आजीपासून नातवापर्यंत सर्वांना म्हणता आले पाहिजे आणि त्यात ज्याचा दिवस त्याचे नाव आले पाहिजे. वाद्य हाताने वाजणारे असावे. खंजिरी नसेल तर ताट आहे, डबा आहे, टाळ्या तर आहेतच. स्पीकर लावायचाच तर आधी सर्वांनी गावे, मग तो लावावा, आणि दहाच्या आत बंद करावा. लेकीचा आणि आईचाही वाढदिवस गाऊन करावा. मराठी विभागाच्या सरांना माझी विनंती आहे की येत्या स्नेहसंमेलनात वाढदिवसाच्या नव्या गीतांची स्पर्धा ठेवावी. अट एकच, ध्रुपद ऐकताक्षणी सभागृहाला म्हणता आले पाहिजे.

केंटकीच्या दोन शिक्षिका बहिणींना जे जमले, देशवंडीच्या वामनदादांना जे जमले, ते धाडच्या पोरापोरींना जमणार नाही असे मला वाटत नाही. फक्त त्यासाठी स्पीकरचे बटण दाबण्याआधी आपल्याला आपले तोंड उघडावे लागेल.