सामाईक मंदिराच्या गाभाऱ्याचे कुलूप काढून पूजा, सफाई व मूर्तीचे जतन सुरू करण्याबाबत निवेदन

प्रति,
मा. जिल्हाधिकारी साहेब यांच्या सेवेशी

अर्जदार: श्री पार्श्वनाथ भगवंतांच्या सामाईक मंदिराचे श्वेतांबर व दिगंबर, दोन्ही पंथांचे भाविक आणि ग्रामस्थ

संदर्भ: १) आमची यापूर्वीची सर्व निवेदने. २) त्यांवर आलेले आपल्या कार्यालयाचे एकमेव पत्र, ज्यात 'कार्यवाही सुरू आहे' एवढेच नमूद आहे.

महोदय,

सविनय सादर करतो की, आमच्या गावातील पार्श्वनाथ मंदिराच्या गाभाऱ्याला प्रशासनाने 'तात्पुरते' म्हणून घातलेले कुलूप आजही तसेच आहे. दोन्ही पंथांच्या मंडळींत मंडपात झोंबाझोंबी झाली, पोलीस आले आणि कायदा व सुव्यवस्थेसाठी दार बंद झाले. त्या दिवशी ते योग्यच होते, याबद्दल आमची तक्रार नाही. चार दिवसांत दोन्ही बाजूंना बसवून मार्ग काढू, असे तेव्हा मंडपातच सर्वांसमक्ष सांगण्यात आले होते. त्या चार दिवसांनंतर दोन पावसाळे झाले.

वादाचे मूळ आपणांस ठाऊक आहे. मूर्तीला चक्षू बसवावेत की नाहीत, लेपावर कटिसूत्र व कच्छोट दाखवावा की मूर्ती निर्ग्रंथ राहावी, यावर दोन्ही पंथांची श्रद्धा वेगळी आहे. वस्त्राची खूण असलेली मूर्ती दिगंबर भाविकाला वीतराग वाटत नाही. चक्षू, टिळा आणि आंगीवाचून श्वेतांबर भाविकाचे मन भरत नाही. हा मतभेद शतकानुशतके चालत आलेला आहे. तो आपण मिटवावा, असे आमचे म्हणणे नाही. मंदिर कोणाचे याचा दावा दिवाणी न्यायालयात आहे, त्याचा निकाल न्यायालय देईल तेव्हा देईल. आमचे गाऱ्हाणे वेगळे आहे आणि ते कुलपाच्या आतल्या बाजूचे आहे.

गाभाऱ्यात आज कोणीच जात नाही. सकाळी गुरव पोलिसासमक्ष बाहेरच्या मंडपात दिवा लावतो आणि निघून जातो. मूर्तीचा प्रक्षाल बंद, केशरपूजा बंद, अष्टद्रव्य पूजा बंद. भाविक दाराच्या जाळीतून दर्शन घेतात, आणि रिकाम्या हाताने दर्शन घ्यायचे नाही म्हणून बायाबापड्या जाळीतूनच तांदूळ आत टाकतात. ते तांदूळ आतल्या उंबऱ्यापाशी साचले आहेत. पहिल्या पावसाळ्यात त्यांना बुरशी आली, मग अळ्या, मग मुंग्यांच्या रांगा. आता उंदीर झाले आहेत. महोदय, आमच्याकडे जमीन झाडतानासुद्धा जीव वाचवून झाडतात, सूर्यास्तानंतर जेवत नाहीत, पाणी गाळून पितात. त्याच लोकांच्या देवासमोर रोज नव्याने जीव उपजत आहेत आणि मरत आहेत, आणि आम्ही जाळीला नाक लावून ते पाहत उभे राहतो. हात घालून चार दाणे काढावेत म्हटले, तर बंदोबस्तावरचा शिपाई म्हणतो, 'जैसे थे आहे, हात लावू नका.' 'जैसे थे'चा आदेश दोन्ही पंथांच्या हक्कांना आहे. तो उंदरांना आणि बुरशीला कोणी बजावलेला नाही.

तांदूळ टाकू नका असा फलक आम्हीच लावला होता. तो फाटला, दुसरा लावला. पण परगावच्या म्हाताऱ्या यात्रेकरूला, जिने आयुष्यभर मूठभर तांदूळ वाहिल्याशिवाय देवासमोर मान वाकवली नाही, तिला काय सांगणार?

याहून गंभीर बाब अशी. गाभाऱ्याच्या मागच्या भिंतीतून शिखराच्या सांध्याचे पाणी झिरपते. दोन्ही पावसाळ्यांत ओल वरून खाली उतरत गेली आणि आता मूर्तीच्या डाव्या खांद्यावर लेपाला पोपडा धरलेला जाळीतून, टॉर्च मारला तर, स्पष्ट दिसतो. गेल्या आषाढात तो रुपयाएवढा होता, आता तळहाताएवढा आहे. छायाचित्रे सोबत जोडली आहेत. मागच्या निवेदनालाही जोडली होती. ज्या लेपावरून वाद चालू आहे तो लेपच ओलीने सुटतो आहे. उद्या न्यायालयाने पाहणीसाठी अधिकारी पाठवला तर त्याला लेपाची मूळ अवस्था दिसणार नाही, मग पुरावा कोणी नष्ट केला यावरून आणखी एक दावा उभा राहील. आताच कुजबुज सुरू झाली आहे. एक बाजू म्हणते, रात्री त्यांनी जाळीतून पाणी मारले. दुसरी म्हणते, यांनीच शिखराचा सांधा फोडला. दोन्ही खोटे आहे. सांधा जुना आहे आणि तो दुरुस्त करू न देणारे कुलूप सरकारी आहे.

या ओलीच्या पंचनाम्यासाठी आम्ही प्रथम आलो तेव्हा 'पावसाळ्यापूर्वी करून घेऊ' असे आपल्या दालनात, दोन्ही पंथांच्या माणसांसमोर, सांगण्यात आले. पावसाळा लागला. मग श्रावणात एक अधिकारी आले, मंडपातून पाहिले, धर्मशाळेत चहा घेतला, वहीत काही टिपून नेले. त्यांच्या अहवालाची प्रत मागितली तर 'वरिष्ठांकडे सादर आहे' असे कळले. वरिष्ठ म्हणजे आपणच असाल, तर तो अहवाल आपण एकदा वाचावा ही विनंती. महावीर जयंतीला, निदान त्या एका दिवशी, दोन्ही पंथांना प्रत्येकी एक तास आत सोडू असे तोंडी ठरले होते. त्या सकाळी दोन्हीकडची मंडळी सोवळ्यात, हातात कलश घेऊन, शिस्तीत वेगवेगळ्या रांगा करून उभी होती. चावी घेऊन येणाऱ्या साहेबांचा फोन दुपारपर्यंत बंद होता. त्या दिवशी गावात भांडण झाले नाही, हे आपण विशेष लक्षात घ्यावे. कुलूप काढले तर दंगल होते, असे जे लिहिले जाते ते त्या सकाळी घडण्यासारखे होते, तरी घडले नाही.

चावी नेमकी कोणाकडे, हेही कळत नाही. पोलीस म्हणतात तहसीलला, तहसीलमध्ये सांगतात न्यायालयाच्या नाझराकडे, आणि नाझर म्हणतो आमच्याकडे अशी नोंदच नाही. प्रस्तुत निवेदन लिहिणारा स्वतः महसूल खात्यातून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेला आहे. टिपणी एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर कशी फिरते आणि 'फेरसादर' होऊन कुठे विसावते, हे त्याला पाठ आहे. म्हणून येथे कलमे लिहिलेली नाहीत. ती आपल्याला आमच्याहून चांगली माहीत आहेत. आपल्या अधिकारात हे येत नाही, असे कोणी टिपणीत लिहिले तर ते लिहिणाऱ्याला एकदा समोर बोलवावे.

उदाहरणासाठी लांब जायला नको. वाशीम जिल्ह्यातील शिरपूरच्या अंतरिक्ष पार्श्वनाथांच्या मंदिरात दोन्ही पंथांनी १९०५ साली आपसात बसून पूजेच्या वेळा वाटून घेतल्या होत्या, तीन-तीन तासांच्या पाळ्या. पुढे लेप आणि कटिसूत्रावरून बिनसले. १९१० मध्ये अकोल्याला दावा पडला, १९१८ मध्ये तिथला निकाल लागला, १९२३ मध्ये नागपूरच्या ज्युडिशियल कमिशनरांच्या कोर्टाचा, आणि १९२९ मध्ये प्रकरण लंडनला प्रिव्ही कौन्सिलपुढे संपले. व्यवस्थापन श्वेतांबरांकडे गेले, लेपासह मूर्ती ठेवण्याचा त्यांचा हक्क मान्य झाला, पण वेळापत्रकाप्रमाणे पूजा करण्याचा दिगंबरांचा हक्क कायम राहिला. म्हणजे एकोणीस वर्षे आणि तीन न्यायालये झाल्यावरही शेवटी तग धरला तो भाविकांनी स्वतः आखलेल्या पाळ्यांनीच. तरीही तंटा शमला नाही. १९८१ मध्ये तिथे कुलूप लागले ते सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने २०२३ मध्ये उघडले. मधली बेचाळीस वर्षे लोकांनी झरोक्यातून दर्शन घेतले. ज्यांनी लहानपणी वडिलांच्या खांद्यावरून त्या झरोक्यात डोळा लावला, ते नातवंडांना घेऊन आत गेले.

शिरपूरला दार उघडल्यावर काही दिवसांतच पुन्हा हाणामारी झाली, हे आम्ही लपवत नाही. राजस्थानात ऋषभदेव येथील केशरियाजीच्या मंदिरात १९२७ मध्ये ध्वजदंडावरून झालेल्या दंगलीत माणसे गेली, हेही आम्हांला माहीत आहे. म्हणूनच आम्ही नुसती चावी मागत नाही. चावीबरोबर लेखी वेळापत्रक, दोन्ही बाजूंच्या सह्या आणि आपला एक जबाबदार माणूस मागतो.

त्यानुसार आमची मुख्य मागणी अशी: न्यायालयाच्या अंतिम निकालाला बाधा न येता, सरकारी वकिलामार्फत दिवाणी न्यायालयात एका पानाचा अर्ज देऊन, गाभाऱ्याची सफाई, ओलीचा पंचनामा आणि दोन्ही पंथांची पाळीपाळीने पूजा यांना परवानगी मिळवावी. हा अर्ज दोन्ही पक्षांपैकी एकाने दिला की दुसरा आपोआप विरोध करतो. आपल्याकडून गेला तर विरोध करायला कोणाला तोंड राहणार नाही. सफाई दोन्ही पंथांच्या प्रत्येकी दोन माणसांनी, पोलिसासमक्ष, जीव वाचवून, कोरड्या मऊ कुंच्याने करायची, हे आम्ही लिहून द्यायला तयार आहोत. शिखराचा सांधा आधी बाहेरून बंद करावा, कारण त्यासाठी तर कुलूपही काढावे लागत नाही. फक्त शिडी लावायची परवानगी हवी, आणि तीच आजवर मिळालेली नाही. लेपाला हात न लावता त्याची अवस्था पाहण्यासाठी पुरातत्त्व खात्याचा रसायनतज्ज्ञ बोलवावा, आणि त्याच्या अहवालाची एक-एक प्रत दोन्ही पक्षांना त्याच दिवशी द्यावी. पाळ्यांचे वेळापत्रक आम्ही आखून जोडले आहे. त्यावर दोन्हीकडच्या भाविकांच्या सह्या आहेत. समित्यांच्या नाहीत, कारण समित्या एकमेकांच्या सहीखाली सही करायला तयार नाहीत. वेळापत्रकात एक पेच आहे तोही सांगतो. भाद्रपदात श्वेतांबरांचे पर्युषण संपत येते तोच दिगंबरांचे दशलक्षण सुरू होते, आणि एखाद-दुसरा दिवस दोघांचाही असतो. त्या दिवशी सकाळ एका पंथाची, दुपार दुसऱ्याची, आणि पुढच्या वर्षी उलट, असे आम्ही ठरवले आहे. हे ठरवायला आम्हांला एक संध्याकाळ लागली.

भांडाराबद्दल एक शब्द. बोलीचा आणि पेटीचा पैसा देवद्रव्य आहे. तो पुजाऱ्याच्या पगारालासुद्धा लावू नये, असे आपसात कडकपणे बोलणारी माणसे तोच पैसा वकिलांच्या फीसाठी काढतात. हे दोन्हीकडे चालते. म्हणजे भाविकाने पेटीत टाकलेल्या नोटेवर त्याच भाविकाला बाहेर ठेवण्याचा दावा लढवला जातो. दाव्याचा खर्च पूर्वपरवानगीशिवाय भांडारातून होऊ नये आणि आजवरचा हिशेब फलकावर लावावा, याबाबत सहधर्मादाय आयुक्तांना आपण पत्र द्यावे. त्यांच्याकडे आम्ही गेलो होतो. त्यांच्या कार्यालयात आम्हांला सांगण्यात आले की आधी जिल्हाधिकाऱ्यांकडे जा.

इतर मागण्या: धर्मशाळेच्या चार खोल्या उघडाव्यात, तो वादाचा भाग नाही. विहिरीचा पंप चालू करावा. बंदोबस्तावरील पोलिसांना बसायला सावली द्यावी, उन्हात त्यांचेही हाल होतात.

आतापर्यंत आम्ही मोर्चा काढला नाही, रस्ता अडवला नाही, वर्तमानपत्रात गेलो नाही. दर वेळी 'आता हे शेवटचे, पुढच्या आठवड्यात बघतो' असे ऐकून घरी गेलो. उपोषणाची धमकी आम्ही देत नाही. पर्युषणात आणि दशलक्षणात आमच्याकडे उपवास असतातच. या वर्षी पर्युषणाच्या पहिल्या दिवसापर्यंत सफाईचा आदेश निघाला नाही, तर ते उपवास दोन्ही पंथांची माणसे आपल्या कार्यालयाच्या पायऱ्यांवर, एकत्र बसून, शांतपणे करतील. जागेची अडचण होऊ नये म्हणून आगाऊ कळवत आहोत.

कळावे,

आपले विश्वासू,
दोन्ही पंथांचे भाविक व ग्रामस्थ
(सह्या व अंगठे स्वतंत्र कागदावर)

सोबत: १) लेपावरील पोपड्याची छायाचित्रे, आधीची व आताची. २) पाळ्यांचे प्रस्तावित वेळापत्रक. ३) यापूर्वीच्या निवेदनांच्या पोचपावत्या.

प्रत माहितीसाठी व कार्यवाहीसाठी: १) मा. सहधर्मादाय आयुक्त. २) मा. पोलीस अधीक्षक. ३) मा. तहसीलदार, गाभाऱ्याची चावी कोणाकडे आहे ते लेखी कळवण्याच्या विनंतीसह.